कडीचा जोड

परवा नातू पुण्याहून इंझोरीला आला. गळ्यात कॅमेरा, कुणाकडून तरी जुना घेतलेला. मी कॅमेऱ्याआधी पट्ट्याची कडी तपासली. तो हसला. "आबा, बैल विकत घेताय का?"

मंडळी, कॅमेरा गळ्यात आला तो फार उशिरा. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ साली निघाली. भाऊ दाजी लाडांचे बंधू नारायण दाजी तिच्यात होते. तेव्हाचा कॅमेरा म्हणजे तिपाईवरची लाकडी पेटी, सोबत काचा आणि रसायनांच्या बाटल्या. पट्ट्याचा प्रश्नच नव्हता. १९२५ साली जर्मनीत लहानसा लायका बाजारात आला, पण पट्टा अडकवायला त्यालाही कान नव्हते. चामडी कव्हरात घालून कव्हरच खांद्याला लावायचे. कान आले १९३३ च्या लायका थ्रीला.

आमच्या पिढीचा कॅमेरा म्हणजे बडोद्याला तयार होणारा आगफा क्लिक थ्री. १२० ची फिल्म, बारा चौकोनी फोटो. मेहुण्याचा मागून आणला आणि सातवीची सहल लोणारला नेली. तेव्हा आमचे गाव अकोला जिल्ह्यात होते. कव्हराच्या पट्ट्याला मीच तारेची कडी वाकवून बसवली होती. सरोवराच्या उतारावर एका मुलाला हात द्यायला वाकलो, हिसका बसला, कडीचे तोंड उघडले आणि कॅमेरा दगडावर. मागचे झाकण उघडून फिल्ममध्ये उजेड शिरला. वर्गाचा एकुलता एक फोटो गेला.

त्यातला एक मुलगा पुढच्याच पावसाळ्यात नाल्याच्या पुरात वाहून गेला. त्याची आई फोटो मागायला आली. मी काय देणार होतो?

गावच्या लोहाराने ती कडी पाहून सांगितले, "मास्तर, बैलाच्या सामानाले असी कडी लावत नाई आमी. वजनानं नाई, हिसक्यानं सुटते ते."

तेव्हापासून पाहतो. कडी सांधलेली हवी, नाहीतर किल्ल्यांच्या कडीसारखी दोन वेढ्यांची, पोलादी. रिबिटाला दोन्ही बाजूंनी वायसर हवे, नाहीतर ते चामड्यातून ओढून निघते. पोलादी कडी पितळी कानाला घासून झिजवते, म्हणून कानही अधूनमधून पाहावा.

नातवाची कडी चांगली निघाली. पट्ट्याची शिवण मात्र एका टोकाला उसवली होती. दाभण आणि मेणाचा दोरा काढून रात्रीच शिवून दिली. सकाळी त्याने अंगणात आम्हा सगळ्यांचा फोटो काढला.