होम थिएटर पीसीच्या पुढच्या पट्टीवर छोटा डिस्प्ले कसा बसवायचा? आणि त्यावर मराठी कसं आणायचं?

टीव्हीखाली ठेवलेला होम थिएटर पीसी सिनेमे दाखवतो आणि गाणीही वाजवतो. पण नुसती गाणी ऐकायची असतील, तर सध्या कोणतं गाणं चालू आहे एवढं कळायला अख्खा टीव्ही चालू ठेवायचा का? यासाठीच पुढच्या पट्टीवर, म्हणजे फ्रंट पॅनलवर, छोटा डिस्प्ले लावतात. गाण्याचं नाव, गायक, उरलेला वेळ, थांबलंय की चालू आहे, एवढं त्यावर दिसलं की काम भागतं.

या लेखात आपण असा डिस्प्ले निवडण्यापासून तो कोडीला जोडण्यापर्यंतचे सगळे टप्पे पाहणार आहोत. उदाहरणासाठी मी रास्पबेरी पाय आणि त्यावर डेबियनच्या घराण्यातली लिनक्स घेतली आहे. साध्या पीसीवर फक्त जोडणीचा भाग बदलतो, बाकी तेच.

एक सूचना आधीच: सेटिंगची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. प्रत्यक्ष फाईलमध्ये ती इंग्रजी अक्षरांतच लिहायची. बहुतेक सेटिंगचे नमुने त्या फाईलमध्ये आधीच असतात, त्यामुळे शोधायला त्रास होत नाही.

खरेदीआधी एकच प्रश्न: तुमची नावं कोणत्या लिपीत आहेत?

बाजारात सर्वांत स्वस्त आणि सहज मिळणारा डिस्प्ले म्हणजे १६×२ किंवा २०×४ अक्षरांचा एलसीडी. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तापकीर गल्लीत "सोळा बाय दोन" म्हटलं की दुकानदाराला कळतं. यातल्या बहुतेकांच्या आत हिताचीची एचडी४४७८० ही चिप किंवा तिच्या बरहुकूम चालणारी दुसरी चिप असते.

ही चिप चित्र काढत नाही. तिच्या पोटात अक्षरांचा तयार साठा असतो आणि आपण फक्त "अमुक क्रमांकाचं अक्षर अमुक घरात दाखव" एवढंच सांगतो. साठ्याचे दोन प्रकार जास्त चालतात: एकात इंग्रजीसोबत जपानी काताकाना, दुसऱ्यात इंग्रजीसोबत युरोपीय अक्षरं. देवनागरी दोन्हींत नाही. त्यामुळे तुमच्या संग्रहात "कट्यार काळजात घुसली" असं नाव देवनागरीत असेल, तर डिस्प्लेवर प्रश्नचिन्हांची रांग किंवा रिकाम्या जागा दिसतात.

"मग स्वतःची अक्षरं बनवता येतात ना?" असं काही जण विचारतात. येतात, पण एका वेळी फक्त आठ, आणि प्रत्येक ५×८ ठिपक्यांचं. आठ अक्षरांत मराठी बसत नाही. शिवाय दोन घरांमध्ये काचेवरच फट असते, म्हणून शिरोरेषा प्रत्येक अक्षरापाशी तुटते. आणि ही आठ घरं प्रोग्रेस बार व प्ले-पॉजच्या चिन्हांसाठी आधीच वापरात असतात.

तेव्हा खरेदीआधी ठरवा:

- नावं इंग्रजी लिपीत असतील, तर २०×४ चा एलसीडी घ्या. सोपा, स्वस्त, टिकाऊ. १६×२ मध्ये नाव आणि वेळ दाखवताना फार ओढाताण होते.
- नावं देवनागरीत असतील, तर ठिपक्या-ठिपक्यांनी चित्र काढणारा, म्हणजे ग्राफिक डिस्प्ले घ्या. त्यात एसएसडी१३०६ चिपचा १२८×६४ ठिपक्यांचा ओएलईडी सर्वत्र मिळतो, पण ०.९६ इंची काच सोफ्यावरून वाचता येत नाही. मी एसएसडी१३२२ चिपचा २५६×६४ चा मोठा ओएलईडी सुचवेन. त्यात १६ छटा असल्याने अक्षरांच्या कडा गुळगुळीत दिसतात.
- केसमध्ये डिस्प्ले आधीच असेल (जुन्या अँटेक फ्यूजनसारख्या केसमध्ये साउंडग्राफचा आयमॉन असतो), तर नवा घेण्याआधी तो चालतो का ते पाहा. लिनक्समध्ये एलएसयूएसबी ही आज्ञा दिल्यावर १५सी२ या क्रमांकाने सुरू होणारं उपकरण दिसलं, तर तो साउंडग्राफचा आहे.

आतली साखळी समजून घ्या

अक्षरांच्या डिस्प्लेसाठी लिनक्सवर एलसीडीप्रॉक हा जुना आणि भरवशाचा प्रोग्राम आहे. त्याची साखळी अशी:

कोडी → कोडीतलं अ‍ॅड-ऑन → एलसीडीडी नावाचा सर्व्हर → ड्रायव्हर → काच

कोडीला काचेबद्दल काहीच माहीत नसतं. ते फक्त सर्व्हरला मजकूर देतं, तेही नेटवर्कच्या १३६६६ या पोर्टवरून. कोणत्या तारेतून कोणता इशारा पाठवायचा हे ड्रायव्हर बघतो. हे लक्षात ठेवलं की बिघाड शोधणं सोपं होतं, कारण प्रत्येक कडी वेगळी तपासता येते.

जोडणी

२०×४ एलसीडी घेताना मागे आयटूसीची छोटी पाटी लावलेला घ्या. मग सोळा तारांऐवजी चारच लागतात: वीज, ग्राउंड, एसडीए आणि एससीएल. रास्पबेरी पायवर एसडीए ३ नंबरच्या पिनला, एससीएल ५ नंबरला, ५ व्होल्ट २ नंबरला आणि ग्राउंड ६ नंबरला येतं.

इथे एक गोष्ट टाळू नका. या पाट्या ५ व्होल्टवर चालतात आणि सिग्नलच्या तारांनाही ५ व्होल्टकडे खेचतात. पायच्या पिन मात्र ३.३ व्होल्टच्याच आहेत. मधे लेव्हल कन्व्हर्टर लावा. "माझं तसंच चालतंय" असं बरेच जण सांगतात, पण थोड्या पैशांच्या तुकड्यासाठी अख्खा बोर्ड धोक्यात घालण्यात अर्थ नाही.

साध्या पीसीवर अशा पिन बाहेर काढलेल्या नसतात. तिथे यूएसबी डिस्प्ले घ्या: क्रिस्टलफाँट्झ, मॅट्रिक्स ऑर्बिटल किंवा एलसीडी२यूएसबी प्रकारची पाटी. तिन्हींसाठी एलसीडीप्रॉकमध्ये सोय आहे.

पायवर रास्पी-कॉन्फिगमध्ये जाऊन आयटूसी चालू करा आणि आयटूसी-डिटेक्ट चालवा. चिप पीसीएफ८५७४ असेल तर पत्ता बहुधा हेक्स २७ दिसतो, पीसीएफ८५७४ए असेल तर हेक्स ३एफ. काहीच दिसलं नाही तर पुढे जाऊ नका, आधी तारा तपासा.

एलसीडीडीची फाईल

एलसीडीप्रॉक पॅकेज इन्स्टॉल केल्यावर ईटीसी फोल्डरमध्ये एलसीडीडी.कॉन्फ ही फाईल येते. तिच्यात एवढं बदला:

१. सर्व्हर विभागात ड्रायव्हर: एचडी४४७८०.
२. त्याच विभागात बाइंडचा पत्ता १२७.०.०.१ आहे तसाच ठेवा, म्हणजे बाहेरचं यंत्र तुमच्या डिस्प्लेवर काही लिहू शकत नाही.
३. एचडी४४७८० विभागात कनेक्शन टाईप: आयटूसी. डिव्हाइस: डेव्ह फोल्डरमधलं आयटूसी-१. पोर्ट: आत्ता सापडलेला पत्ता. साईझ: २०×४ (फाईलमध्ये गुणिलेच्या जागी इंग्रजी एक्स).
४. बॅकलाईट: यस.

बरेच जण इथपर्यंत सगळं बरोबर करतात आणि तरी काचेवर कचरा दिसतो. कारण असं की आयटूसी पाटीवरच्या आठ तारा एलसीडीच्या कोणत्या पायांना जोडल्यात, याबद्दल एलसीडीप्रॉकचा मूळ अंदाज बाजारातल्या पाट्यांशी जुळत नाही. त्यासाठी आयटूसी-लाईनच्या आठ ओळी भरायच्या: आरएस १, आरडब्ल्यू २, ईएन ४, बीएल ८, डी४ ला १०, डी५ ला २०, डी६ ला ४०, डी७ ला ८०. हे सगळे आकडे हेक्समध्ये. नेहमीच्या पाट्यांना हीच मांडणी लागते.

आता एलसीडीडी सुरू करा. काचेवर सर्व्हरचं नाव आणि त्याखाली क्लायंट व स्क्रीनचे आकडे दिसायला हवेत, सध्या दोन्ही शून्य. टेलनेटने स्वतःच्याच यंत्राच्या १३६६६ पोर्टला जोडून "हॅलो" (इंग्रजीत) लिहिलं, तर सर्व्हर उत्तरात काचेची रुंदी २० आणि उंची ४ सांगतो. एवढं झालं की खालची अर्धी साखळी पक्की.

कोडीचा भाग

कोडीच्या अ‍ॅड-ऑनमध्ये सर्व्हिसेस विभागात एक्सबीएमसी एलसीडीप्रॉक शोधा. (कोडीचं नाव २०१४ पर्यंत एक्सबीएमसी होतं, तेच इथे टिकून आहे.) इन्स्टॉल केलं की काचेवरचा क्लायंटचा आकडा १ होतो आणि थोड्या वेळात कोडीचा मजकूर येतो.

कोणत्या वेळी काय दाखवायचं हे यूजरडेटा फोल्डरमधली एलसीडी.एक्सएमएल ही फाईल ठरवते. गाणी, सिनेमा, मालिका, मेन्यू, स्क्रीनसेव्हर, प्रत्येकासाठी वेगळा विभाग असतो. चार ओळींसाठी मी असा क्रम ठेवतो: गाण्याचं नाव, गायक, अल्बम आणि शेवटी वेळ. सिनेमासाठी नाव आणि उरलेला वेळ पुरे.

अ‍ॅड-ऑनच्या सेटिंगमध्ये व्हिडिओ चालू असताना डिस्प्ले मंद किंवा बंद करण्याचा पर्याय आहे. तो जरूर चालू करा. अंधाऱ्या खोलीत निळा बॅकलाईट डोळ्यांना फार टोचतो.

अक्षरांचा डिस्प्ले आधीच घेतलाय आणि गाण्यांची नावं मात्र देवनागरीत आहेत? मग एक पळवाट आहे. टॅग बदलू नका. गाण्याच्या टॅगमधल्या कॉमेंटच्या जागी इंग्रजी लिपीतलं नाव लिहा आणि एलसीडी.एक्सएमएलमध्ये प्लेअर टायटलऐवजी म्युझिकप्लेअरचं कॉमेंट दाखवा. टीव्हीवर मराठी राहतं, काचेवर वाचता येईल असं इंग्रजी येतं.

ग्राफिक डिस्प्लेवर खरं मराठी

इथे मी एलसीडीप्रॉक बाजूला ठेवतो, कारण त्याची सगळी रचना अक्षरांच्या घरांवर उभी आहे. त्याऐवजी पायथनची छोटी स्क्रिप्ट लिहायची. तिची कामं तीनच:

१. कोडीला विचारणं. सेटिंग, सर्व्हिसेस, कंट्रोलमध्ये जाऊन एचटीटीपीवरून रिमोट कंट्रोलची परवानगी द्या आणि पासवर्ड ठेवा. पोर्ट सहसा ८०८०. मग जेसन-आरपीसीमधून आधी चालू प्लेअर, नंतर त्यातलं गाणं आणि वेळ मागवा. सेकंदाला एकदा विचारलं तरी पुरतं.
२. नावाचं चित्र काढणं. यासाठी पिलो ही लायब्ररी आणि मुक्त किंवा नोटो सॅन्स देवनागरी यांपैकी एक फाँट.
३. ते चित्र काचेवर पाठवणं. लुमा-ओएलईडी ही लायब्ररी एसएसडी१३०६ आणि एसएसडी१३२२ दोन्ही चालवते.

खरी मेख दुसऱ्या कामात आहे. देवनागरी नुसती एकापुढे एक अक्षरं मांडून होत नाही. "क्षि" हे आपल्याला एक अक्षर वाटतं, पण संगणकाच्या लेखी ते चार तुकडे आहेत: क, हलन्त, ष आणि ऱ्हस्व वेलांटी. ते जुळवण्याचं काम पिलोमध्ये राक्म ही जोड लायब्ररी करते. ती नसेल तर वेलांटी अक्षराच्या मागे जाते आणि जोडाक्षरं पाय मोडून सुटी दिसतात. म्हणून आधी पिलोच्या फीचर्स तपासणीत राक्म आहे का ते बघा, नसेल तर बसवा. "किती" हा शब्द नीट उमटला की वेलांटीचं काम झालं, "नाट्यसंगीत" नीट उमटलं की जोडाक्षरांचंही.

नाव लांब असेल तर ते सरकवावं लागतं. तेव्हा अक्षरं मोजून मजकूर कापू नका, जोडाक्षर मधूनच तुटेल. संपूर्ण नावाची एक लांब पट्टी एकदाच काढा आणि तिच्यावरून २५६ ठिपक्यांची खिडकी थोडी थोडी पुढे सरकवा.

आकारही जपून ठरवा. देवनागरीत वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार येतात, त्यामुळे इंग्रजीपेक्षा उंची जास्त लागते. ६४ ठिपक्यांत माझी मांडणी अशी: नाव २४ च्या आकारात, गायक १६ च्या आणि तळाला तीन ठिपके जाडीची वेळेची रेघ. तिसरी ओळ कोंबायला गेलात तर उकार खालच्या ओळीवर चढतात.

ओएलईडीवर एकच मजकूर तासन्‌तास राहिला तर त्याचा डाग पडतो. म्हणून गाणं थांबल्यावर काही मिनिटांनी काच काळी करा आणि चालू असताना उजेड कमी ठेवा.

बिघाड कुठे आहे, हे कसं ओळखायचं?

- ओळीभर काळे किंवा पांढरे ठोकळे: वीज पोचली आहे, पण ड्रायव्हरने चिप सुरूच केलेली नाही. पत्ता आणि तारांची मांडणी बघा.
- उजेड आहे पण काहीच दिसत नाही: मागच्या पाटीवरचा छोटा स्क्रू हळूहळू फिरवा. तो कॉन्ट्रास्टचा आहे.
- सर्व्हरचा मजकूर दिसतो, क्लायंट शून्यच राहतो: काच ठीक आहे, कोडीतलं अ‍ॅड-ऑन बंद आहे किंवा त्यातला पोर्ट चुकलाय.
- इंग्रजी दिसतं, मराठीच्या जागी प्रश्नचिन्हं: हा बिघाड नाही, अक्षरांच्या चिपची मर्यादा आहे. सेटिंगमध्ये शोधत बसू नका.
- यंत्र बंद केल्यावरही डिस्प्ले जळत राहतो: यूएसबीला बंद अवस्थेतही वीज मिळते आहे. बायोसमध्ये ती बंद करता येते का पाहा.

सगळं नीट चालल्यावर एलसीडीडी किंवा तुमची स्क्रिप्ट यंत्र सुरू होतानाच चालू होईल अशी सिस्टमडीत नोंद करा. त्यानंतरच डिस्प्ले पट्टीत पक्का बसवा. काच एकदा चिकटवली की मागचा कॉन्ट्रास्टचा स्क्रू हाताला येत नाही.