जेन कार्लाइलचा नीरो

थॉमस कार्लाइल म्हटला की साहित्याच्या विद्यार्थ्याला आठवतात ती १८४० सालची विभूतिपूजेवरील व्याख्याने, फ्रेंच राज्यक्रांतीचा इतिहास, आणि त्याची ती गडगडाटी, काटेरी शैली. या लेखकाच्या घरी दहा वर्षे एक लहानसे पांढरे कुत्रे होते. वळणाने काहीसे माल्टीज, पण जातिवंत नव्हे. त्याचे नाव नीरो. चरित्रग्रंथांत त्याची जागा बहुधा तळटिपेत असते. मला मात्र त्या घराचा १८४९ ते १८६० हा काळ समजून घ्यायला या तळटिपेइतकी सोयीची दुसरी वाट सापडलेली नाही.

कुत्रे कार्लाइलचे नव्हते, त्याच्या पत्नीचे होते. जेन वेल्श कार्लाइल स्कॉटलंडमधील हॅडिंग्टनची, जन्म १८०१चा. १८२६ साली लग्न झाले आणि १८३४ साली हे जोडपे लंडनच्या चेल्सी भागात चेनी रो येथे राहावयास आले. जेनने हयातीत एकही पुस्तक प्रसिद्ध केले नाही. पण एकोणिसाव्या शतकातील उत्तम इंग्रजी पत्रलेखकांत तिची गणना होते, आणि ती रास्तच आहे. मोलकरणी, ढेकूण, रंगारी, निद्रानाश, डोकेदुखी, शेजाऱ्यांचे कोंबडे हे तिचे विषय. थोर पुरुषाच्या घरातला जो इतिहास थोर पुरुष लिहीत नाही, तो तिने लिहिला.

१८४९च्या डिसेंबरात नीरो घरी आला तेव्हा ती अठ्ठेचाळीस वर्षांची होती. मूलबाळ नव्हते, आई १८४२ साली गेलेली, प्रकृती कायमची कुरकुरणारी. नवऱ्याचा बराचसा वेळ लेखनात आणि उरलेला लेडी हॅरिएट ॲशबर्टन या बुद्धिमान, श्रीमंत स्त्रीच्या बैठकीत जाई. त्या सलगीने जेनला किती जाळले, हे तिच्या १८५५-५६च्या रोजनिशीत दिसते. अशा घरात हे कुत्रे आले आणि लाडावले. एकदा तर वरच्या मजल्याच्या खिडकीतून त्याने थेट रस्त्यावर उडी घेतली आणि वाचले. आपणही पाखरांसारखे उडू असे त्याला वाटले असावे, असा जेनचा तर्क. पुढे व्हर्जिनिया वुल्फने एलिझाबेथ बॅरेटच्या कुत्र्यावर ‘फ्लश’ (१९३३) लिहिले, तेव्हा या उडीची आठवण तिलाही टाळता आली नाही.

या लाडांचे एक तयार स्पष्टीकरण असते: अपत्यहीन बाई, म्हणून कुत्रे. मला ते फार घाईचे वाटते. १८५०च्या जानेवारीत कार्लाइल बाहेरगावी असताना जेनने त्याला एक पत्र पाठवले. ते नीरोने आपल्या धन्याला लिहिलेले आहे. बाईसाहेबांचे कसे चालले आहे, त्या कुठे गेल्या, काय म्हणाल्या, हे सारे कुत्र्याच्या तोंडून. आपल्याकडच्या जुन्या घरांत नवरा-बायको एकमेकांशी थेट बोलत नसत. ‘बाबांना सांग, पान वाढलंय’ असा निरोप मुलाच्या हाती जाई. नीरोकडे हेच काम होते. जे ‘मी’ म्हणून लिहिले असते तर तक्रार ठरले असते, ते त्याच्या नावाने विनोद होऊन जाई. ही पोकळी एकट्या जेनची नव्हती, ती दोघांच्या मधली होती. आणि आवाजाने हैराण होणारा, पुढे १८५३ साली माडीवर ध्वनिरोधक खोली बांधून घेणारा कार्लाइलसुद्धा रात्रीच्या फेरफटक्याला नीरोला बरोबर नेऊ लागला.

त्या काळच्या लंडनमध्ये असे कुत्रे सांभाळणे जोखमीचे होते. बड्या घरची कुत्री पळवून खंडणी उकळणाऱ्या टोळ्याच होत्या. १८४५ साली त्याविरुद्ध खास कायदा करावा लागला, तरी फ्लश १८४६ साली पुन्हा चोरीस गेलाच. नीरोवर मात्र घाला आला तो खाटकाच्या गाडीचा. १८५९च्या ऑक्टोबरात मोलकरीण त्याला घेऊन बाजारहाटाला गेली होती. भरधाव गाडीचे चाक त्याच्या गळ्यावरून गेले. तो मेला नाही. जेनने त्याला ऊब दिली, भरवले, तो हिंडूफिरू लागला. पण श्वास बिघडला तो बिघडलाच. हिवाळाभर धाप, खोकला, सूज. स्वतः आजारी असलेली अठ्ठावन्न वर्षांची बाई रात्र रात्र दुसऱ्या आजारी जिवाकडे पाहत बसली होती.

उपचार तरी कोणाकडे करायचे? लंडनचे पशुवैद्यक महाविद्यालय १७९१ सालचे. पण त्याचे मुख्य लक्ष घोड्यांवर, कारण लष्कर, शेती आणि वाहतूक घोड्यांवर चालत होती. विल्यम यूअटसारख्या एखाद्याने कुत्र्यांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला होता, तरी घरगुती कुत्र्याचा स्वतंत्र वैद्य ही कल्पना रुळलेली नव्हती. त्यामुळे जेनने बोलावले ते माणसांच्या डॉक्टरला, शेजारच्या बार्न्सना. १८६०च्या १ फेब्रुवारीला त्यांनी प्रूसिक ॲसिड देऊन नीरोला सोडवले. नंतर जेनने त्यांना कृतज्ञतेचे पत्र लिहिले. एका कुत्र्याला मारल्याबद्दल डॉक्टरचे आभार! पण पत्र वाचताना हसू येत नाही.

कुत्र्यासाठी रडणे तेव्हा हास्यास्पद होते. त्याच १८६० साली मेरी टील्बी या बाईने लंडनच्या हॉलोवे भागात बेवारशी कुत्र्यांसाठी आश्रयगृह काढले, आणि ‘द टाइम्स’ने तिची यथेच्छ टिंगल केली, माणसे उपाशी असताना कुत्र्यांना घर कशाला? प्रश्न अगदीच खोटा नव्हता, पण विचारणाऱ्यांना उपाशी माणसांची आठवण नेमकी अशाच वेळी होई. (हाइड पार्कमधली कुत्र्यांची दफनभूमी पुढची, १८८१ची.) जेनला या हसण्याची पूर्ण जाणीव होती. म्हणूनच तिच्या पत्रांत दुःखाच्या ओळीला लागूनच स्वतःची थट्टा येते. अनपेक्षित होते ते कार्लाइलचे कोसळणे. तो तेव्हा प्रशियाच्या फ्रेडरिक महाराजाच्या सहा खंडी चरित्रात बुडालेला होता. त्या फ्रेडरिकनेही आपल्या लाडक्या कुत्र्यांच्या शेजारी पुरले जावे अशी इच्छा मागे ठेवली होती, जी १९९१ साली पुरी झाली. शूरांचा हा पुजारी कुत्र्याच्या मरणाने स्वतःलाच न कळावे इतका हलला.

नीरोला घराच्या बागेत वरच्या टोकाला पुरले आणि तारीख कोरलेली लहानशी शिळा बसवली. पुढे १८६३ साली रस्त्यात पडून जेन बराच काळ अंथरुणाला खिळली, त्यातून सावरली. १८६६च्या एप्रिलात एडिंबरा विद्यापीठाचा रेक्टर म्हणून कार्लाइलचे भाषण गाजले. तो अजून स्कॉटलंडातच होता. २१ एप्रिलला दुपारी जेन घोडागाडीतून हाइड पार्कमध्ये फिरायला गेली. सोबत दुसरे एक लहान कुत्रे होते. त्याला तिने पळायला खाली सोडले. जाणाऱ्या एका गाडीचा धक्का लागून ते किंचाळले. जेन उतरली, त्याला उचलून गाडीत बसली. गाडीवानाने आणखी फेऱ्या मारल्या. आतून काहीच सूचना येईना म्हणून त्याने शेवटी कोणाला तरी पाहावयास सांगितले. हात मांडीवर ठेवून ती बसलेलीच होती, आणि गेलेली होती. तिला हॅडिंग्टनला वडिलांच्या थडग्यात पुरले.

त्यानंतर कार्लाइलने तिची पत्रे एकेक करून वाचली, क्रम लावला, टिपा लिहिल्या. ती फ्रूडने १८८३ साली तीन खंडांत प्रसिद्ध केली. नीरोच्या मृत्यूच्या पत्रापाशी म्हातारा थांबला आहे. अंधाऱ्या रस्त्यावर आपल्याबरोबर चालणारा तो पांढरा ठिपका त्याला आठवतो. बागेतली शिळा नोकरांच्या निष्काळजीपणाने फुटली, पण अजून जागेवर आहे, हेही तो नोंदवतो.