पुरलेला डबा

बरेच दिवस इकडे फिरकलो नव्हतो. आज लिहितोय ते दादाला विचारून लिहितोय, तेव्हा घरच्या मंडळींनी फोन करून झापू नये ही विनंती.

जून १९९२. बारावीचा निकाल. दादा, म्हणजे थोरल्या काकांचा मुलगा, सतरा वर्षांचा. नापास झाला. दुपारी जेवला नाही आणि संध्याकाळी गोठ्यात पडलेला सापडला. शेजारी फवारणीच्या औषधाचा डबा.

आमचं गाव नळदुर्गजवळ. जिल्हा उस्मानाबाद (आता धाराशिव), पण जिवावरचं काही असलं की आमच्याकडे एकच वाक्य: सोलापूरला न्या. जिल्ह्यात सरकारी मेडिकल कॉलेज आलं ते या दशकात. तर जीप मिळेपर्यंत आजोबांनी एक काम उरकलं. तो डबा विहिरीमागे नेऊन पुरला. पोलीस केस होईल म्हणून.

दवाखान्यात डॉक्टरांनी पहिल्यांदा विचारलं, "काय प्यायला? डबा आणलाय?" काकांनी वाटेत ठरवलेलं उत्तर दिलं: खोकल्याचं औषध समजून चुकून कायतरी घेतलं. फवारणीची औषधं सगळी एका जातीची नसतात. काहींवर अॅट्रोपिन लागू पडतं, काहींवर अजिबात नाही. डॉक्टरांनी टाचणीच्या डोक्याएवढ्या झालेल्या बाहुल्या आणि सुटलेली लाळ बघून अंदाज बांधला. तो बरोबर निघाला म्हणून दादा आज आहे.

लहान मुलांच्या वॉर्डात त्याला घेईनात, मिसरूड फुटलेलं होतं ना! मोठ्या पुरुषांत खाट मिळाली आणि हवालदार जबाब घ्यायला थेट त्याच्याच उशाशी. कायद्यानेही तेव्हा तो मोठाच होता. १९८६ च्या बाल न्याय कायद्यात मुलगी अठरापर्यंत अल्पवयीन, पण मुलगा फक्त सोळापर्यंत. दोघांनाही अठरा, हे झालं २००० च्या कायद्याने.

आजोबांना भीती होती ती कलम ३०९ ची. १८६० सालचं कलम, जीव द्यायचा प्रयत्न केला तर एक वर्षापर्यंत कैद. खूप नंतर मी हे सगळं वाचत बसलो तेव्हा एक गोष्ट कळली आणि हसावं की रडावं कळेना. १९८६ मध्येच मुंबई उच्च न्यायालयाने, न्या. पी. बी. सावंत खंडपीठावर असताना, एका पोलीस शिपायाच्या खटल्यात हे कलम घटनाबाह्य ठरवलं होतं! आमचा जिल्हा त्याच न्यायालयाखाली. निकाल लागून सहा वर्षं झाली होती, पण विहिरीपर्यंत पोचला नव्हता. १९९४ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच म्हटलं. मग १९९६ मध्ये ग्यान कौर खटल्यात पाच न्यायाधीशांनी कलम पुन्हा जिवंत केलं. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा मे २०१८ पासून लागू झाला. त्यात म्हटलंय की असा माणूस तीव्र ताणाखाली होता असं धरायचं, त्याच्यावर खटला भरायचा नाही आणि सरकारने त्याची काळजी घ्यायची. १ जुलै २०२४ ला भारतीय न्याय संहिता आली, तिच्यात ३०९ घेतलंच नाही. (सरकारी अधिकाऱ्यावर दबाव आणायला कुणी असं केलं तर तो गुन्हा अजून आहे.) पण दवाखान्यातून पोलिसांना कळवणं चालूच आहे, म्हणून लोकांना काही बदललंय असं वाटतच नाही.

केसपेपरवर 'चुकून' लिहिलं गेलं. घरी आणल्यावर आजीने दृष्ट काढली आणि विषय संपला. चुकून प्यालेल्या पोराला काय विचारायचं! का केलंस, हे दादाला पहिल्यांदा विचारलं ते वहिनीने, लग्नानंतर. २०१५ मध्ये बळीराजा चेतना अभियान उस्मानाबाद आणि यवतमाळात सुरू झालं, ते शेतकऱ्यांसाठी. पोरांसाठी त्याच वर्षी झालेली एक गोष्ट मला त्याहून मोठी वाटते: दहावीची फेरपरीक्षा ऑक्टोबरऐवजी जुलैत व्हायला लागली. आता टेलिमानसचा १४४१६ हा नंबरही आहे, २०२२ पासून. लिहून ठेवा, कुणाला तरी लागेल.

मागच्या वर्षी गल्लीतल्या एका दहावीच्या पोरीला १०८ मध्ये घालत होते. तिचा बाप सांगत होता, उन्हानं चक्कर आली. दादा गर्दीतून पुढे आला आणि त्याच्यावर ओरडला, "आधी घरात जा, डबा घेऊन ये."

त्याने आणला.