ठिबक सिंचन (डाळिंबाच्या नव्या बागेसाठी)

नव्याने लावलेल्या डाळिंबाच्या मुळांशी नळ्या आणि ड्रिपरमधून थोडे थोडे पाणी देण्याची पद्धत. डाळिंब मुळात झुडूप. बुंध्यातून त्याला अनेक फुटवे येतात आणि पोसणारी बारीक मुळे बुंध्यापासून दूर, वरच्या थरात पसरतात. ठिबकची सारी मांडणी या मुळांच्या हिशेबाने करावी लागते.

साताऱ्यातील माण आणि सांगलीतील आटपाडी हे माणगंगेच्या खोऱ्यातले शेजारी तालुके पर्जन्यछायेत येतात. जमीन बरीचशी मुरमाड, पाऊस बेभरवशाचा. येथे डाळिंब तगते, पण कोवळ्या रोपाला पाण्याची हमी लागते. ती विहीर, बोअर व शेततळ्यातून मिळते. आटपाडीला कृष्णेचे पाणीही मिळते. कराड तालुक्यातील टेंभूजवळ उचललेले हे पाणी टप्प्याटप्प्याने वर चढवावे लागते. दुष्काळी तालुक्यांना हक्काचे व समान वाटपाचे पाणी मिळावे यासाठी नागनाथअण्णा नायकवडी आणि भारत पाटणकर यांनी लढा दिला. लढून मिळवलेले, विजेवर उचललेले हे पाणी मोकाट पाटाने सोडणे या भागाला परवडणारे नाही.

मांडणी : संच लागवडीआधी बसवून चालवून पाहावा. ४.५ × ३ मी. अंतरावर हेक्टरी सुमारे ७४० झाडे बसतात. पाणी प्रथम गाळणीतून जाते. शेततळ्याच्या पाण्यात शेवाळ असते, त्यासाठी वाळूची गाळणी. बोअरमधून वाळू येत असल्यास आधी हायड्रोसायक्लोन. शेवटी जाळीची किंवा चकत्यांची गाळणी. गाळणीवर पैसे वाचवणारा पुढे ड्रिपर बदलण्यात ते घालवतो. मेन व सबमेन जमिनीत गाडतात. सबमेनला भोक पाडून, ग्रोमेट व टेकऑफ बसवून ओळीगणिक १६ मि.मी.ची लॅटरल जोडतात. उताराच्या रानात लॅटरल समपातळीत अंथराव्यात. एंड कॅप लावण्यापूर्वी नळ्यांतून पाणी सोडून आतली माती व प्लास्टिकचा कीस धुऊन काढावा.

सुरुवातीला प्रत्येक रोपाला ताशी ४ लिटरचे दोन ड्रिपर पुरतात. म्हणजे हेक्टरी तासाला ५,९२० लिटर पाणी लागते. पंप तेवढे देत नसेल तर व्हॉल्व्ह बसवून बाग भागाभागाने भिजवावी. चाचणी सोपी आहे : ड्रिपरखाली भांडे ठेवले की पाव तासात १ लिटर पाणी जमले पाहिजे. पहिल्या व शेवटच्या झाडाशी ही मोजणी करावी. मोठी तफावत आल्यास दाबात किंवा नळ्यांच्या मापात दोष समजावा.

ड्रिपर सरकवणे : सर्वांत जास्त हेळसांड होते ती येथेच. लागवडीच्या वेळी मुळे मातीच्या गोळ्यातच असतात, म्हणून ड्रिपर बुंध्यापासून १५ ते २० सें.मी.वर, दोन बाजूंना ठेवतात. रोपाने अंग धरले की ते बाहेर सरकवायला हवेत. दुसऱ्या वर्षी ३० ते ४५ सें.मी.वर, आणि पुढे झाडाच्या घेराच्या कडेकडे, दोनाचे चार करून. वर्षानुवर्षे ड्रिपर बुंध्याशीच राहिला तर मुळे तेवढ्याच ओलीत गुंतून पडतात आणि सततच्या ओलाव्याने मर रोगाला वाट मिळते.

पाणी किती वेळ द्यायचे हे जमीन ठरवते. मुरमात पाणी सरळ खाली उतरते, म्हणून थोडा वेळ पण वारंवार द्यावे. काळ्या जमिनीत ओल आडवी पसरते व टिकते. तेथे दोन पाळ्यांत अंतर ठेवावे. घड्याळावर विसंबू नये. मुळांजवळची माती उकरून मुठीत दाबावी. वाफसा असेल तर पंप बंदच ठेवावा. पाचटाचे आच्छादन केल्यास उन्हाळ्यात वाफसा जास्त टिकतो.

निगा : गाळण्या नियमित धुवाव्यात, लॅटरलची टोके उघडून गाळ सोडावा. बोअरच्या क्षारांनी ड्रिपर बुजू लागल्यास आम्लप्रक्रिया करतात. पाण्याचा सामू ४ च्या आसपास आणून ते नळ्यांत काही काळ मुरू देतात व नंतर साध्या पाण्याने नळ्या धुतात. आम्ल पाण्यात ओतावे. आम्लात पाणी कधीही ओतू नये.

संचासाठी केंद्राच्या ‘प्रति थेंब अधिक पीक’ योजनेतून अल्प व अत्यल्प भूधारकांना ५५ टक्के, इतरांना ४५ टक्के अनुदान मिळते; राज्य सरकार त्यात पूरक भर घालते. अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर करावा आणि पूर्वसंमती हाती आल्यावरच खरेदी करावी.