रंग गेलेला मारिओ आणि १९५३ सालचा एक आकडा

जपानहून आणलेला जुना फॅमिकॉम. कोणीतरी आधीच उघडून त्याला पिवळी आणि पांढरी पिन बसवलेली. इथल्या टीव्हीला लावला की चित्र येतं, पण रंग नाहीत. किंवा चित्र वर-खाली पळतं. किंवा सगळं ठीक दिसतं, फक्त निळ्या आकाशात उभ्या पुसट रेघा दिसतात, जणू खिडकीला गज लावलेत. दुरुस्ती करणारा माणूस यातला प्रत्येक प्रकार वेगळा बिघाड म्हणून बघेल आणि ते बरोबरच आहे. मला यात दुसरंही काही दिसतं. यातले बरेचसे 'बिघाड' मुळात बिघाड नाहीतच. वेगवेगळ्या दशकांत, वेगवेगळ्या देशांत घेतलेले निर्णय एकाच वायरमध्ये समोरासमोर आले की ते पडद्यावर असे दिसतात.

तंत्रज्ञानाच्या इतिहासावर काम करायचं ठरवलेल्यांसाठी हे मुद्दाम सविस्तर लिहितोय. आपल्याला कागद वाचायची सवय असते. वस्तू वाचायला वेगळी शिस्त लागते, आणि त्या वस्तूत नंतर कोणी हात घातला असेल तर आणखीच.

फॅमिकॉम जपानमध्ये १५ जुलै १९८३ ला बाजारात आला. त्याला एकच चित्रवाट होती: अँटेनाच्या सॉकेटमधून. यंत्राच्या आत एक चिमुकलं प्रक्षेपण केंद्र, मॉड्युलेटर, बसवलेलं असे. ते जपानी चॅनल १ किंवा २ वर चित्र सोडायचं. जपानी चॅनल १ ची चित्रलहर ९१.२५ मेगाहर्ट्झवर आहे. आपल्याकडे टीव्हीचे खालचे चॅनल ४७ ते ६८ मेगाहर्ट्झमध्ये, पुढचे थेट १७४ च्या वर. ९१.२५ म्हणजे आपल्या एफएम रेडिओची जागा! त्यामुळे न बदललेला जपानी फॅमिकॉम चॅनल बदलायच्या जुन्या टीव्हीला लावला तर नुसत्या मुंग्या. यंत्र धडधाकट, टीव्हीही धडधाकट. समजा, तो चॅनल पकडणारा टीव्ही मिळाला, तरी आवाज येईलच असं नाही. जपानी पद्धतीत आवाजाची लहर चित्रापासून ४.५ मेगाहर्ट्झ दूर, आपल्या पद्धतीत ५.५. टीव्ही आवाज शोधतोय एकीकडे, आवाज आहे दुसरीकडे.

म्हणून लोक फॅमिकॉममध्ये बदल करतात: मॉड्युलेटर बाजूला ठेवायचा आणि चित्र बनवणाऱ्या चिपच्या २१ नंबरच्या पिनवरून सिग्नल घेऊन तो एका ट्रान्झिस्टरमधून थेट बाहेर काढायचा. निन्टेंडोने स्वतःही डिसेंबर १९९३ मध्ये अशी थेट पिनवाली आवृत्ती काढली. अँटेनाची अडचण संपली. आता खाली दबलेले जुने थर वर येतात.

आधी चित्र पळण्याबद्दल. अमेरिकेत १९४१ साली काळ्या-पांढऱ्या टीव्हीचं मानक ठरलं तेव्हा सेकंदाला ६० वेळा पडदा रंगवायचा असं ठरलं, कारण तिथली घरची वीज ६० हर्ट्झची. वीज आणि पडदा एका तालात असले की विजेची गुरगुर पडद्यावर फिरत्या पट्ट्यांच्या रूपात त्रास देत नाही. युरोपात वीज ५० ची, म्हणून पडदाही ५०. आपण युरोपची वाट धरली. जपानने टीव्हीसाठी अमेरिकन मानक घेतलं, पण वीज मात्र अर्धी-अर्धी: तोक्योकडे ५० हर्ट्झ, ओसाकाकडे ६०.

फॅमिकॉम सेकंदाला साधारण ६०.१ वेळा पडदा रंगवतो. त्याच्या वीजपुरवठ्यात जुना कपॅसिटर कोरडा पडला किंवा जोडणीतून घरच्या विजेची गुरगुर आत शिरली, तर ओसाकात एक अंधुक पट्टा पडद्यावरून हळूहळू सरकेल, एका फेरीला सुमारे १० सेकंद. तोक्योत किंवा मुंबईत तीच गुरगुर सेकंदाला १० वेळा थरथरेल. दोष एकच, पण ठिकाण बदललं की लक्षण बदलतं. 'स्क्रीन थरथरते' असं वर्णन एखाद्या जुन्या मासिकात सापडलं तर ते कुठल्या शहरातून लिहिलंय हे आधी विचारायला हवं, ते यासाठी.

(जपानी अडॅप्टर १०० व्होल्टचा असतो. आपल्या २३० व्होल्टच्या प्लगमध्ये तो थेट खुपसला तर पुढचा सगळा निबंध निरुपयोगी आहे. शिवाय फॅमिकॉमच्या प्लगमध्ये ऋण टोक मध्ये असतं, घरात पडलेल्या बहुतेक अडॅप्टरांच्या उलट.)

आता रंग. इथे जरा थांबू, कारण मला सगळ्यात जास्त आवडणारा भाग हाच आहे.

१९५३ मध्ये अमेरिकेत रंगीत टीव्हीचं एनटीएससी मानक मंजूर झालं. अट अशी होती की लोकांच्या घरातले काळे-पांढरे टीव्ही बाद होता कामा नयेत. म्हणजे त्याच सिग्नलमध्ये रंग लपवायचा, जुन्या टीव्हीला न दिसेल अशा बेताने. त्यासाठी रंगाची एक वेगळी लहर घातली. पण ती लहर आणि आवाजाची लहर यांच्या झटापटीतून पडद्यावर नक्षी उठण्याचा धोका होता. आवाज ४.५ मेगाहर्ट्झवर घट्ट बसलेला, जुने टीव्ही तो तिथेच शोधणार, त्याला हलवता येईना. मग अभियंत्यांनी बाकी सगळं हलवलं. ४.५ मेगाहर्ट्झला २८६ ने भागून एका ओळीची वारंवारता १५,७५० वरून १५,७३४ च्या जवळ आणली, तिला ४५५ ने गुणून २ ने भागलं आणि रंगाची लहर ३.५७९५४५ मेगाहर्ट्झ ठरली. या खटपटीत सेकंदाचे ६० पडदे ५९.९४ झाले. गणित तुम्ही स्वतः करून बघा, हातानेच, पाच मिनिटांचं काम आहे.

महत्त्वाचं ते '४५५ भागिले २', म्हणजे २२७.५. प्रत्येक ओळीत रंगाच्या लहरीचे दोनशे साडेसत्तावीस फेरे. त्या अर्ध्या फेऱ्यामुळे एका ओळीवरचा लहरीचा ठिपका पुढच्या ओळीवर उलटा पडतो आणि डोळ्याला दोन्ही मिळून सपाट दिसतात.

फॅमिकॉम इथेच काटकसर करतो. त्याचं मुख्य घड्याळ रंगाच्या लहरीच्या सहापट, २१.४७७ मेगाहर्ट्झ. एक ठिपका म्हणजे घड्याळाचे ४ ठोके, एक ओळ म्हणजे ३४१ ठिपके. ३४१ गुणिले ४ म्हणजे १३६४, भागिले ६ म्हणजे २२७ आणि एक तृतीयांश. साडे नव्हे, तिसरा हिस्सा. म्हणून फॅमिकॉमच्या चित्रात रंगांच्या कडांवर तीन-तीन ओळींत तिरकी दातेरी किनार दिसते. ती बघून 'माझ्या मॉडमध्ये काहीतरी चुकलंय' म्हणून लोक पुन्हा सोल्डरिंग गरम करतात. काही चुकलेलं नाही. ती १९८३ च्या चिपची सही आहे. ती गायब असेल तरच शंका घ्या, मधल्या कुठल्यातरी यंत्राने चित्र धुऊन काढलंय.

दुसरी काटकसर म्हणजे प्रक्षेपणात एका फेरीत २६२.५ ओळी असतात, त्या अर्ध्या ओळीमुळे सम-विषम ओळी एकमेकींत विणल्या जातात. फॅमिकॉम सरळ २६२ देतो, विणकाम नाहीच. काचेच्या नळीच्या टीव्हीला याचं सोयरसुतक नव्हतं, तो मिळेल त्या इशाऱ्यावर किरण परत फिरवायचा. आजचा एलसीडी आधी सिग्नल 'ओळखतो' आणि मग दाखवतो. काही संच हे विणलेलं चित्र समजून दोन पडदे एकत्र शिवतात, मग पळणाऱ्या मारिओला फणीसारख्या कडा येतात. काही तर सरळ 'सिग्नल नाही' म्हणतात. म्हणून एखादा मॉड तपासताना आधी दुसऱ्या, शक्यतो जुन्या टीव्हीवर बघावं. माझ्या मते मॉडमधल्या दोषांच्या अर्ध्या तक्रारी टीव्हीच्या असतात.

मग सुरुवातीच्या फॅमिकॉमला आपल्या टीव्हीवर रंग का नाहीत? कारण आपल्याकडे १९८२ साली, एशियाडच्या वर्षी, रंगीत टीव्ही आला तो पाल पद्धतीचा. ही पद्धत टेलिफुंकेनच्या वॉल्टर ब्रुख यांची, १९६२-६३ मधली. रंगाची लहर ४.४३ मेगाहर्ट्झ. टीव्ही तिथे रंग शोधतो, सापडत नाही, तेव्हा त्यातलं एक सर्किट रंग पूर्ण बंद करतं, म्हणजे निदान चित्र तरी स्वच्छ दिसावं. कृष्णधवल मारिओ म्हणजे टीव्हीने प्रामाणिकपणे दिलेलं उत्तर आहे.

'मग क्रिस्टल बदलू की' असं सुचतं. पाल यंत्रातला क्रिस्टल २६.६०१७ मेगाहर्ट्झचा, सहाने भागला की बरोबर ४.४३. पण तो जपानी चिपला लावला तर ओळींची वारंवारता होईल २६.६०१७ मेगाहर्ट्झ भागिले १३६४, म्हणजे साडेएकोणीस हजार. टीव्हीला हवी १५,६२५. चित्राच्या चिंध्या होतील. पालसाठी चिपच वेगळी लागते, आणि निन्टेंडोने ती बनवली. तिच्यात ३१२ ओळी, सेकंदाला ५० पडदे. त्यामुळे जपानी खेळ तिच्यावर सहाव्या हिश्श्याने रेंगाळतात आणि काही खेळांचा वेळेचा हिशोबच चुकतो. तैवानच्या यूएमसी कंपनीने नकली यंत्रांसाठी केलेली चिप मला यापेक्षा हुशार वाटते. बाहेरून पाल, पण आत प्रोसेसर आणि चित्र यांच्या वेगाचं १:३ हे जपानी गुणोत्तर तसंच राखलेलं. (निन्टेंडोच्या पालमध्ये ते १:३.२ होतं.) त्यामुळे जपानी कॅसेटी तिच्यावर बिनतक्रार चालतात. रशियात १९९२ पासून गाजलेल्या डेंडीच्या नावाने ही वेळपद्धत आज ओळखली जाते. 'नकली' हा शब्द इतिहासकाराने जपून वापरावा तो अशा जागी.

खरे बिघाडही असतात, त्यांच्याबद्दल थोडक्यात. चित्र भडक, पांढरं फुटल्यासारखं: वाट ७५ ओहमवर संपत नसेल, सिग्नल दुप्पट चढतो. उलट, एकच सिग्नल वाय केबलने दोन टीव्हींना दिला तर चित्र काळवंडतं. वरून खाली छटा बदलत गेली तर बाहेरच्या वाटेवरचा कपॅसिटर लहान पडतोय. आणि ते उभे गज: चिपच्या आजूबाजूला धावणाऱ्या डेटाच्या तारांचा आवाज २१ नंबरच्या नाजूक वाटेत झिरपतो. पिन बोर्डावरून उचलून वेगळी वायर नेली की गज बरेच कमी होतात. पण लक्षात घ्या, थोडेसे गज मूळ यंत्रातही असतात. अँटेनाच्या वाटेने येणाऱ्या धूसरपणात ते दबून जायचे, स्वच्छ वाट दिल्यावर उघडे पडले.

इथे खरा प्रश्न येतो. 'मूळ' चित्र कुठलं?

फॅमिकॉमची चिप लाल-हिरवा-निळा असा रंग बनवतच नाही. ती थेट रंगाच्या लहरीचा कोन आणि उजेडाची पातळी बनवते. त्याचा रंग टीव्ही करतो, आणि प्रत्येक टीव्ही आपल्या मनाने. 'सुपर मारिओ ब्रदर्स'मधलं आकाश म्हणजे चिपसाठी फक्त एक क्रमांक आहे, षोडशमान पद्धतीतला २२. तो निळा की जांभळट यावर हौशी मंडळी वर्षानुवर्षं भांडतात, कारण संगणकावरचे वेगवेगळे रंगतक्ते वेगवेगळं सांगतात. दोघंही बरोबर असू शकतात.

शुद्ध रंग हवा म्हणून काहींनी दुसरी वाट काढली. १९८६ च्या प्लेचॉइस-१० या आर्केड यंत्रात निन्टेंडोची खरोखर लाल-हिरवा-निळा देणारी चिप होती. ती काढून घरच्या यंत्रात बसवायची. चित्र काचेसारखं स्वच्छ! पण त्या चिपचा रंगतक्ता वेगळा आहे. मूळ चिप पडद्याला एखाद्या रंगाची झाक देताना बाकीचे रंग मंद करते, ही मात्र तो रंग पूर्ण चढवते. त्यामुळे काही खेळांत अख्खं दृश्य पांढरंफटक पडतं. आणि त्या स्वच्छ चित्रापायी आर्केड यंत्रांचे बोर्ड चिपेसाठी खोलले गेले, म्हणजे एका जतनासाठी दुसऱ्या पुराव्याचा बळी. नंतर आलेल्या एनईएसआरजीबी बोर्डाने हा प्रकार बराच अनावश्यक केला. तो यंत्राची मूळ चिपच वापरतो आणि रंगतक्ता निवडायची सोय देतो. निवडायची! म्हणजे आकाशाचा रंग ठरवणारे आता आपण.

हे सगळं आजचंच आहे असंही नाही. १९८३ मध्येच शार्पने फॅमिकॉम आत बसवलेला सी१ टीव्ही काढला होता, त्यात तीच लाल-हिरवा-निळावाली चिप. म्हणजे पहिल्याच वर्षी जपानमधल्या दोन घरांत एकाच कॅसेटचं आकाश दोन रंगांचं असू शकत होतं.

म्हणून दृश्य-इतिहासावर काम करणाऱ्यांना माझी विनंती अशी: प्रबंधात जुन्या खेळाचं चित्र छापताना त्याखाली फक्त खेळाचं नाव आणि साल लिहू नका. कुठल्या देशाचं यंत्र, कुठली चिप, कुठल्या वाटेने बाहेर आलं, मॉड कुणी कधी केला हे माहीत असेल तर तो, समोर कुठला पडदा, आणि एम्युलेटर असेल तर कुठला रंगतक्ता, हे लिहा. यंत्र हातात आलं तर काही दुरुस्त करण्याआधी दोन्ही बाजूंनी फोटो काढा, काढलेला मॉड्युलेटर पिशवीत घालून यंत्रासोबतच ठेवा, आणि कापण्याऐवजी उचलता येणारी पिन उचला.