वीजघरातील राख कामाला कशी लागली

राख म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे चुलीतली राख येते. भांडी घासावी, धान्यात मिसळावी, परसातल्या वेलाला घालावी, अशी ती गुणी वस्तू. पण कोराडी, चंद्रपूर, परळी, एकलहरे येथील वीजघरांतून निघणारी राख निराळी. तेथे कोळशाचे पीठ करून ते भट्टीत फुंकतात. त्यामुळे पिठासारखी बारीक राख धुरासोबत वर उडते. हीच फ्लाय अॅश, म्हणजे उडती राख. आपल्या कोळशात राखच फार. शंभर पोती जाळावीत तर तीस-चाळीस पोती राखच उरते! ती पाण्यात कालवून तळ्यांत सोडतात. जुलै २०२२ मध्ये नागपूरजवळ खसाळा येथे अशा एका तळ्याचा बांध फुटला आणि राखेचे पाणी शिवारात शिरले. तेव्हा या राखेचे करायचे काय, हा प्रश्न केवळ प्रयोगशाळेतला नाही.

या राखेचा उत्प्रेरक होऊ शकतो, असे सांगितले तर तुम्हांला नवल वाटेल. उत्प्रेरक ही कल्पना १८३५ साली स्वीडनच्या बर्झेलियसने मांडली. काही पदार्थ रासायनिक क्रियेला वेग देतात आणि स्वतः शिल्लक राहतात, हे त्याने ओळखले. पुष्कळ जण येथे विरजणाचा दाखला देतात. तो तितकासा बरोबर नाही. विरजणातले जंतू वाढत जातात. त्यापेक्षा लग्न जुळवणारा मध्यस्थ घ्या. सोयरीक जमली की तो पुढच्या घरी जायला मोकळा!

आता दुसरा धागा पाहा. १७५६ साली स्वीडनच्याच क्रॉनस्टेटने एक खनिज तापवले, तर त्यातून पाणी उकळल्यासारखी वाफ निघू लागली. त्याने नाव दिले झिओलाइट, म्हणजे उकळणारा दगड. नाशिक, जळगाव, पुण्याकडील काळ्या दगडाच्या खाणींत जे सुंदर स्फटिक सापडतात, त्यांत हे झिओलाइट पुष्कळ असतात. सिलिका आणि अॅल्युमिना ही त्यांची मुख्य द्रव्ये, आणि अंगभर अतिसूक्ष्म छिद्रे.

हे दोन धागे जुळले ते खनिज तेलाच्या धंद्यात. फ्रेंच इंजिनियर युजीन हूड्री याने आम्लाने धुतलेली माती उत्प्रेरक म्हणून वापरून जड तेलापासून पेट्रोल काढले. त्याचा मोठा कारखाना १९३७ साली अमेरिकेत मार्कस हुक येथे चालू झाला. साधी माती, पण आम्लाने तिचे अंग मोकळे झाले. १९६२ पासून या कामावर कृत्रिम झिओलाइट आले.

आणि राखेत काय असते? तेच सिलिका, तेच अॅल्युमिना! मात्र भट्टीच्या आचेने ती काचेच्या गोळ्यांसारखी मुकी होऊन बसलेली असते. तिला बोलते करायला रसायन लागते. १९८५ साली जर्मनीत हॉलर आणि विर्शिंग यांनी राखेपासून झिओलाइट बनवून दाखवले. राख कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात तापवली की काच विरघळते आणि झिओलाइटचे स्फटिक बसू लागतात. दुसरी वाट आम्लाची. राजस्थानात चंबळेकाठी कोटा येथे मोठे वीजघर आहे. तेथील विद्यापीठातल्या संशोधकांनी २००८ साली राखेवर गंधकाम्लाची प्रक्रिया केली, ती भाजली, आणि तिच्या साहाय्याने अॅस्पिरिन तयार केले. मुरगळल्यावर चोळायच्या मलमात जे विंटरग्रीनचे तेल असते, तेही केले.

यात लाभ कोणता? एरवी अशा कामाला पातळ गंधकाम्ल घालतात. ते भांडी खाते, मालातून धुऊन काढावे लागते, आणि ते धुवण शेवटी ओढ्यानाल्याची वाट धरते. राख घन असल्याने गाळून निघते व पुन्हा वापरता येते.

तरीही राखेचे डोंगर यामुळे हटतील, असे मला वाटत नाही. उत्प्रेरक लागतो किलोंनी, राख निघते कोट्यवधी टनांनी. तो भार सिमेंट, विटा, रस्ते आणि रिकाम्या खाणी यांनीच उचलायचा आहे. शिवाय खाणीगणिक कोळसा बदलतो, तशी राखही बदलते. एका वीजघराच्या राखेने साधलेला प्रयोग दुसऱ्याच्या राखेने साधेलच असे नाही, आणि तिच्यात आर्सेनिक, शिसे यांचा अंश असतो. म्हणून औषधाच्या कामी घेण्याआधी प्रत्येक राख निराळी तपासावी लागते.