धोका घरातच होता

शुक्रवार पेठेतला गाडीखाना म्हणजे पुणे महापालिकेचा जुना दवाखाना. पाटीवर डॉ. कोटणीसांचं नाव आहे, पण लोकांच्या तोंडी गाडीखानाच. बुधवार पेठेची वस्ती इथून पायी जाण्याइतकी जवळ. भारतातल्या एचआयव्ही संशोधनाचा बराचसा इतिहास वातानुकूलित प्रयोगशाळांपेक्षा पुण्यातल्या अशा गुप्तरोगाच्या ओपीडींमध्ये घडला.

देशात हा विषाणू पहिल्यांदा सापडला १९८६ साली, मद्रासमध्ये. डॉ. सुनीती सॉलोमन यांच्या मार्गदर्शनाखाली सेल्लप्पन निर्मला या विद्यार्थिनीने वेश्याव्यवसायातल्या स्त्रियांचं रक्त तपासलं होतं. त्यातून एक सोयीची समजूत रुजली: हा ‘तसल्या’ बायकांचा आणि त्यांच्याकडे जाणाऱ्यांचा आजार, घरंदाज माणसाने घाबरायचं कारण नाही.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने १९९२ साली भोसरीत राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था, म्हणजे ‘नारी’, सुरू केली. पुढच्याच वर्षी तिथल्या डॉक्टरांनी अमेरिकेच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या सहकार्याने शहरातल्या गुप्तरोग दवाखान्यांत येणाऱ्यांची नोंद ठेवायला सुरुवात केली. समुपदेशन, तपासणी, खासगीतले प्रश्न. लाजेने खाली गेलेल्या मानेकडून खरं उत्तर मिळवणं हेच त्यातलं सर्वांत अवघड काम असणार.

१९९७ साली डॉ. रमण गंगाखेडकर आणि सहकाऱ्यांचा निबंध ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. ९१६ स्त्रियांपैकी ५२५ जणी वेश्याव्यवसायात नव्हत्या. त्यांच्यातल्या १३.६ टक्के एचआयव्हीबाधित निघाल्या, आणि या ५२५ जणींपैकी बहुतेकींचा आयुष्यभरात नवऱ्याखेरीज कुणाशीही संबंध आलेला नव्हता. या बायका गुप्तरोगाची तक्रार घेऊन आलेल्या होत्या, तेव्हा हा आकडा सरसकट सगळ्या गृहिणींना लावता येणार नाही. तरीही पातिव्रत्य हेच संरक्षण मानणाऱ्या समाजाला यापेक्षा झोंबणारा पुरावा कुठला? (हेच गंगाखेडकर २०२० साली करोनाच्या पत्रकार परिषदांमुळे घराघरांत ओळखीचे झाले. एचआयव्हीवरच्या त्यांच्या कामाची तेवढी चर्चा कधीच झाली नव्हती.)

२००५ साली नारीत एड्सच्या लशीची भारतातली पहिली मानवी चाचणी झाली. लस सुरक्षित ठरली, प्रतिकारशक्ती मात्र क्षीणच जागी झाली. पुढे ती मागे पडली.

खरा फरक पाडला तो जोडप्यांच्या अभ्यासाने. ‘एचपीटीएन ०५२’ या चाचणीत नऊ देशांतली १,७६३ जोडपी होती. भारतातून पुणे आणि चेन्नई. प्रत्येक जोडप्यात एक जण बाधित, दुसरा नाही. एका गटातल्या बाधितांना औषधं लगेच दिली, दुसऱ्या गटाला प्रतिकारशक्तीच्या सीडी-फोर पेशी घटल्यावर किंवा एड्सची लक्षणं दिसल्यावर. २०११ साली हाती आलेल्या निष्कर्षांत, बाधित जोडीदाराकडूनच लागण झाल्याचं सिद्ध झालेली २८ प्रकरणं होती. त्यांपैकी २७ उशिरा औषधं मिळालेल्या गटातली. लवकर उपचारांनी असा संसर्ग ९६ टक्क्यांनी घटला होता. औषध घेणारा स्वतः तगतोच, शिवाय जोडीदारालाही वाचवतो, हे आता आकड्यांनी सांगता येऊ लागलं.

भारतात सरकारी केंद्रांवर ही औषधं, म्हणजे एआरटी, मोफत मिळू लागली ती २००४ पासून, पण सीडी-फोर पेशी घटलेल्या असण्याची अट कायम होती. चाचणीचे निष्कर्ष येऊनही ती पूर्णपणे उठायला २०१७ साल उजाडावं लागलं. ज्यांच्या नवऱ्यांना त्या सहा वर्षांत ‘अजून गरज नाही’ म्हणून परत पाठवलं गेलं, त्या बायकांच्या दृष्टीने हा उशीर अक्षम्यच होता.